अतारांकित प्रश्नांचे मोल : टोंकखुर्द ते पर्वरी

विधानसभेचे अधिवेशन संपले की लोकांच्या स्मरणात राहतो तो गदारोळ, सभात्याग आणि एखाद्या मंत्र्याने केलेली कोटी. त्याच दिवसांत सभागृहाच्या पटलावर शेकडो पानांची लेखी उत्तरे ठेवली जातात. कोणत्या रस्त्यावर किती खर्च झाला, किती शाळांत शिक्षकांच्या जागा रिक्त आहेत, कोणत्या योजनेचा निधी न वापरता परत गेला, याचा सरकारने स्वतःच्या जबाबदारीवर दिलेला हिशेब या पानांत असतो. तो वाचणारे मात्र थोडेच. आमदार किंवा खासदार यांच्या कामगिरीचे मोजमाप त्यांच्या भाषणांवरून आणि उद्‌घाटनांवरून होते. त्यांनी कोणते प्रश्न विचारले आणि त्यांना काय उत्तर मिळाले, हे सहसा विचारले जात नाही.

या लेखी प्रश्नाचे मोल राजधानीपेक्षा आडबाजूच्या गावात अधिक कळते. मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यातले टोंकखुर्द हे असेच एक तहसिलीचे गाव. पवार घराण्याच्या दोन मराठी संस्थानांमुळे आणि पुढे कुमार गंधर्वांच्या वास्तव्यामुळे देवासचे नाव मराठी वाचकाला परिचित आहे. टोंकखुर्द त्याला फारसे ठाऊक नसेल. तरीही गोमंतकीय वाचकाने आपली विधानसभा या गावाच्या नजरेतून एकदा पाहण्यासारखी आहे; त्याचे कारण आकड्यांत आहे.

२०११च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या सुमारे १४ लाख ५८ हजार, तर एकट्या देवास जिल्ह्याची सुमारे १५ लाख ६३ हजार होती. म्हणजे लोकसंख्येने देवास हा जिल्हा गोवा राज्यापेक्षा किंचित मोठाच. गोव्याच्या विधानसभेत ४० आमदार बसतात. देवास जिल्ह्यातून भोपाळच्या विधानसभेत जातात ते केवळ पाच. गोव्यात सरासरी ३६ हजार लोकांमागे एक आमदार आहे, मध्य प्रदेशात तीन लाखांहून अधिक लोकांमागे एक. प्रश्न विचारण्याचा अधिकार हे लोकशाहीतील धन मानले, तर गोमंतकीय मतदार टोंकखुर्दच्या शेतकऱ्यापेक्षा आठपटींहून अधिक श्रीमंत ठरतो. या श्रीमंतीचा विनियोग कसा होतो, हाच खरा मुद्दा आहे.

लेखी प्रश्नाची वाटचाल समजून घेतल्याखेरीज त्याची ताकद लक्षात येत नाही. देवास हा पाण्याच्या दुर्भिक्षाने गाजलेला जिल्हा. १९९०च्या सुमारास देवास शहराला इंदूरहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. २००६ साली तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना स्वतःच्या जमिनीत तळी खोदण्यास प्रवृत्त केले. टोंकखुर्दच्या परिसरातील गावे या चळवळीत आघाडीवर होती आणि बघता बघता जिल्ह्यात हजारो शेततळी उभी राहिली. त्यानंतर राज्य सरकारने २००७ साली बलराम तलाव योजना आणून शेततळ्यांना अनुदान देऊ केले.

आता समजा, एखाद्या आमदाराने या योजनेविषयी तीन ओळींचा अतारांकित प्रश्न टाकला : टोंकखुर्द विकासखंडात गेल्या पाच वर्षांत किती तळ्यांना मंजुरी मिळाली, किती पूर्ण झाली, किती शेतकऱ्यांचे अनुदान अद्याप थकले आहे? भोपाळच्या सचिवालयात तो ग्राह्य ठरला की कृषी खात्याकडे जातो. खाते तो देवासच्या जिल्हा कार्यालयाकडे पाठवते, तेथून तो टोंकखुर्दच्या कार्यालयात उतरतो. ज्या शेतकऱ्याला ‘उद्या या’ असे सांगितले जात होते, त्याच्याच प्रकरणाची फाइल आता ठरलेल्या तारखेआधी काढावी लागते, कारण उत्तर मंत्र्याच्या नावाने सभागृहात जायचे असते. उत्तर छापून येण्यापूर्वीच थकलेल्या अनुदानाला पाय फुटण्याची शक्यता निर्माण होते. भाषणाने हे सहसा घडत नाही.

तोंडी उत्तरासाठी असलेल्या प्रश्नावर ताऱ्याची खूण असते, म्हणून तो तारांकित. त्यावर सभागृहात उपप्रश्न विचारता येतात आणि मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते. लेखी उत्तरावर समाधान मानावा लागणारा प्रश्न अतारांकित. लोकसभेत एका दिवसासाठी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न निवडले जातात. वीसपैकी प्रत्यक्ष चर्चेला येतात ते मोजकेच. त्यामुळे देशातील कानाकोपऱ्यांचे बहुतेक प्रश्न अतारांकितांच्या यादीतच जागा शोधतात. नियमांची चौकटही शिस्तीची आहे. लोकसभेत प्रश्न सामान्यतः दीडशे शब्दांपेक्षा मोठा असू नये, त्यात उपरोध, आरोप किंवा विशेषणे नसावीत, मंत्र्याचे मत विचारू नये. वस्तुस्थिती विचारावी, एवढीच मुभा. हीच मर्यादा या साधनाचे सामर्थ्य आहे. आरोपाला प्रत्यारोपाने उत्तर देता येते, ‘किती?’, ‘केव्हा?’ आणि ‘कोणाला?’ या प्रश्नांना तसे देता येत नाही.

हा अधिकार सहजासहजी मिळालेला नाही. १८६१च्या कायद्याने स्थापन झालेल्या कायदेमंडळांत सदस्यांना प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. ती १८९२च्या कायद्याने आली. १६ फेब्रुवारी १८९३ रोजी भिंगाच्या राजाने विचारलेला प्रश्न हा भारतातील कायदेमंडळातला पहिला प्रश्न मानला जातो. दौऱ्यावर आलेल्या सरकारी अधिकाऱ्यांना रसद पुरवताना गावोगावच्या दुकानदारांना होणाऱ्या जाचाविषयी तो होता. साम्राज्याच्या सर्वोच्च सभेतला पहिला प्रश्न गावच्या वाण्याविषयी असावा, यातच या साधनाचा स्वभाव दिसतो. उपप्रश्नाची मुभा मिळायला १९०९ साल उजाडावे लागले, आणि तीही मूळ प्रश्नकर्त्यापुरतीच.

संस्थानी प्रजेला तेवढेही नव्हते. थोरल्या पातीचे देवासनरेश तिसरे तुकोजीराव पवार यांच्या कारकिर्दीत राज्याची आर्थिक घडी विस्कटली. १९३३च्या अखेरीस ते पाँडिचेरीला निघून गेले आणि १९३७ साली तेथेच निवर्तले. खजिन्याचे काय झाले, हे दरबाराला अधिकाराने विचारू शकेल असा एकही निवडून आलेला प्रतिनिधी प्रजेपाशी नव्हता. गोव्याची स्थिती निराळी नव्हती. सालाझारच्या राजवटीत साधी सभा घ्यायलाही परवानगी लागे. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी मोडली ती हीच बंदी. डिसेंबर १९६३च्या निवडणुकीनंतर गोमंतकीयांना प्रश्न विचारणारे आमदार मिळाले. देवासच्या प्रजेला आणि गोव्याच्या जनतेला हा हक्क एकाच शतकात, वेगवेगळ्या वाटांनी लाभला.

या हक्काने देशाच्या राजकारणात काय घडवले, याची साक्ष इतिहास देतो. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत केलेल्या गुंतवणुकीचे प्रकरण १९५७ साली संसदेतील प्रश्नांतून पृष्ठभागावर आले. फिरोज गांधींनी ते लावून धरले, न्यायमूर्ती छागला यांची चौकशी झाली आणि फेब्रुवारी १९५८मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. १९५५च्या गोवा मुक्तिसत्याग्रहात तुरुंगवास भोगलेले मधू लिमये पुढे बिहारमधून लोकसभेत गेले, ते संसदीय नियमांचा आणि प्रश्नांचा शस्त्रासारखा वापर करणारे सदस्य म्हणूनच ओळखले गेले. प्रश्नाला किंमत असते, हे त्याचा बाजार मांडणाऱ्यांनीही ओळखले. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याचे उघड झाल्यावर २३ डिसेंबर २००५ रोजी संसदेच्या दोन्ही सभागृहांतून मिळून अकरा सदस्यांची हकालपट्टी झाली. त्यांत महाराष्ट्रातील दोघे होते. निरुपयोगी वस्तूसाठी कोणी लाच देत नाही.

आजचे दुखणे प्रश्नांपेक्षा उत्तरांत अधिक आहे. मध्य प्रदेशच्या विधानसभेत ‘जानकारी एकत्रित की जा रही है’ हे उत्तर इतके सवयीचे झाले आहे की त्यावर विरोधकांना वारंवार आक्षेप घ्यावा लागतो. ‘माहिती संकलित केली जात आहे’ हे त्याचे मराठी रूप गोव्याच्या आणि महाराष्ट्राच्या वाचकालाही अपरिचित नाही. या एका वाक्यात प्रश्न जिवंतही राहत नाही आणि मरतही नाही. संसदेत अशा अपूर्ण उत्तराची नोंद सरकारी आश्वासन म्हणून होते आणि ते तीन महिन्यांत पूर्ण करणे अपेक्षित असते. त्यावर लक्ष ठेवणारी लोकसभेची समिती १९५३पासून अस्तित्वात आहे. राज्यांच्या विधानसभांतही आश्वासन समित्या असतात. त्यांच्या अहवालांवर कोणाचे लक्ष नसल्याने संकलनाचे काम वर्षानुवर्षे चालू राहू शकते.

रिकामे उत्तरही कधीकधी बोलके ठरते. सप्टेंबर २०२०मध्ये कोविडचे कारण देऊन संसदेचा प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला. लेखी प्रश्न तेवढे टिकले. टाळेबंदीत घराकडे निघालेल्या किती स्थलांतरित मजुरांचा मृत्यू झाला, या अतारांकित प्रश्नाला श्रम मंत्रालयाने अशी आकडेवारी ठेवली नसल्याचे उत्तर १४ सप्टेंबरला दिले. आकडा मिळाला नाही. पण मोजदाद केली गेली नाही, याची सरकारी कबुली इतिहासासाठी नोंदली गेली. ती मिळवून दिली त्या ताऱ्याविना आलेल्या प्रश्नाने.

येथे गोव्याच्या श्रीमंतीचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. मंत्री झालेला सदस्य प्रश्न विचारत नाही, तो उत्तर देतो. गोव्यासारख्या लहान राज्यात घटनेनुसार बारा मंत्री असू शकतात. ते आणि सभापती वगळले, तर चाळीसपैकी प्रश्नकर्ते उरतात सत्तावीस. २०२२ साली निवडून आलेल्या विधानसभेत, त्याच वर्षी १४ सप्टेंबरला काँग्रेसचे आठ आमदार भाजपमध्ये गेल्यावर विरोधी बाकांवर सातच सदस्य राहिले. सत्ताधारी आमदारांनाही प्रश्न विचारता येतात आणि मतदारसंघाच्या हितासाठी ते विचारतातही. परंतु आपल्याच सरकारला अडचणीत आणील असा प्रश्न विचारण्याचा मोह बहुतेकांना आवरता येतो. चाळीस खुर्च्यांच्या सभागृहात अवघड प्रश्नांचा भार अशा रीतीने सातजणांवर आला.

हीच गोष्ट टोंकखुर्दनेही अनुभवली आहे. ते ज्या सोनकच्छ मतदारसंघाशी जोडलेले आहे, तेथून २०१८ साली निवडून आलेले सज्जनसिंह वर्मा कमलनाथ सरकारात मंत्री झाले. मतदारसंघाला मंत्रिपद लाभले. पण मार्च २०२०मध्ये ते सरकार कोसळेपर्यंत या मतदारसंघाचा स्वतःचा प्रश्नकर्ता सभागृहात नव्हता. लोकसभेत उत्तर गोव्याची कथा याहून दीर्घ आहे. श्रीपाद नाईक २०१४पासून केंद्रात मंत्री आहेत. गोव्याचे लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक असे तीनच खासदार. त्यांतला एक मंत्री. म्हादई, खाणी, रेल्वेचे दुपदरीकरण अशा केंद्राशी निगडित विषयांवर राज्याच्या वतीने लेखी प्रश्न विचारण्याचे काम उरलेल्या दोघांकडे येते. मंत्रिपदाचा लाभ असतो, हे खरेच. त्याची ही किंमतही मतदाराला ठाऊक असायला हवी.

एका बाबतीत मात्र टोंकखुर्दचा शेतकरी गोमंतकीयाच्या पुढे आहे. भोपाळच्या विधानसभेतील उत्तर त्याला हिंदीत, म्हणजे त्याच्या शाळेच्या भाषेत वाचता येते. १९८७च्या राजभाषा कायद्याने कोकणी ही गोव्याची राजभाषा झाली आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापरालाही स्थान मिळाले. पर्वरीत आमदार कोकणी-मराठीत बोलतात. पटलावर येणारी लेखी उत्तरे आणि त्यांची परिशिष्टे मात्र बहुतांशी इंग्रजीतच असतात. सत्तरीतल्या किंवा सांग्यातल्या ज्या गावाविषयी उत्तर दिले आहे, त्या गावातल्या वयस्क वाचकासाठी ते बंद पाकीटच ठरते.

या प्रश्नांचे महत्त्व येत्या काळात वाढणार आहे, याला आणखी एक कारण आहे. २००५च्या माहिती अधिकार कायद्यातील कलम ८(१)(ञ)मध्ये एक मोलाचे वाक्य होते : जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. नागरिक आणि लोकप्रतिनिधी यांना एका पायरीवर आणणारे हे वाक्य २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने गाळण्याची तरतूद केली. अनुदानाच्या लाभार्थ्यांची यादी मागणाऱ्या नागरिकाला यापुढे वैयक्तिक माहितीचे कारण अधिक वेळा ऐकावे लागू शकते. अशा वेळी विधिमंडळातील लेखी प्रश्न हाच त्याचा आधार असेल, आणि तो विचारायला त्याला आमदाराच्याच दारी जावे लागेल.

म्हणूनच मतदाराने या दारी जाताना मागणी बदलण्याची गरज आहे. रस्ता करून द्या, या विनंतीबरोबरच या रस्त्याविषयी पुढच्या अधिवेशनात अतारांकित प्रश्न टाका, असेही सांगता येते. पंचायत सदस्य, पालक-शिक्षक संघ, शेतकरी मंडळे यांना प्रश्नाचा मसुदा स्वतः करून आमदाराकडे देता येईल. त्याला ना पैसा लागतो, ना मोर्चा. उत्तर आले की ते आपल्या भाषेत ग्रामसभेत वाचता येईल आणि गावाला ठाऊक असलेल्या वस्तुस्थितीशी ताडून पाहता येईल. ‘माहिती संकलित केली जात आहे’ असे आले, तर तीन महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारायला लावता येईल. पाच आमदारांच्या देवास जिल्ह्याला हे कठीण आहे. चाळीस आमदारांच्या गोव्याला ही सबब सांगता येणार नाही.