रक्तातले गाणे

हैदराबादेत आपल्या मंडळींच्या उत्सवात गाण्याची बैठक झाली, की आभाराला उभे राहिलेले गृहस्थ गोमंतकीय गायिकेविषयी एक वाक्य हटकून उच्चारतात: ‘‘गाणे यांच्या रक्तातच आहे!’’ टाळ्या पडतात. या वाक्याला माझी हरकत आहे.

वारसा हा आम्हां वकिलांचा नित्याचा विषय. बापाची जमीन मुलाला झोपेतही मिळते. आईची तान तशी मिळत नाही. मुलीला गाणे यावे म्हणून झटणाऱ्या कुर्डीच्या जयश्रीबाई १९१४ साली वारल्या, तेव्हा त्यांची मोगू अवघी दहा वर्षांची होती. पुढे नाटकमंडळी, मग अल्लादिया खाँसाहेबांची तालीम, ती मध्येच तुटणे, पुन्हा जुळणे, पतिनिधनानंतर तीन लेकरांचा भार; यात रक्त कोठे आले? आणि किशोरीताईंना तरी लेक म्हणून काय सवलत मिळाली? आई गाई, लेकीने ते जसेच्या तसे गळ्यातून काढायचे.

रक्ताची भाषा सोयीची आहे, एवढेच. जे उपजतच आहे त्याचे ऋण कोणी कोणाला लागत नाही! कलावंत घराण्यांतील स्त्रियांनी पिढ्यान् पिढ्या देवापुढे गावे, परंतु महाजनांत त्यांची गणना नसावी, हा आपला व्यवहार होता. मोगूबाईंचा तिसऱ्या वर्गाचा प्रवास, तुटपुंजी बिदागी आणि कोणाच्या तरी घरी उतरणे किशोरीताईंनी स्वतः सांगितले आहे. त्यांच्या फटकळपणाच्या गोष्टी मात्र आपण चवीने सांगतो.

वडिलांचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य, असे जुने हिंदू विधिशास्त्र मानी. २००५ च्या दुरुस्तीने ते न्यायालयापुरते संपले. उत्सवसमितीपुरतेही संपले, असे कोणी समजू नये.

याच शहरात मौलाअलीच्या पायथ्याशी माहलका बाईने (१७६८–१८२४) आपल्या आईसाठी मकबरा बांधला. ती स्वतःही तेथेच आईशेजारी आहे. निजामाच्या दरबारातील ही गायिका आणि कवयित्री. आपल्या मंडळींपैकी कितीजण तेथे गेले आहेत, हे विचारण्याचे धाडस मी करीत नाही.

पुढील उत्सवाच्या पत्रिकेत गायिकेच्या नावासोबत तिला शिकविणाऱ्या आईचे नाव छापावे, आणि बिदागी बैठकीपूर्वी हाती द्यावी, असे दोन ठराव मी येत्या सभेत मांडणार आहे. अनुमोदक अद्याप मिळालेला नाही.