प्रमाणपत्र पडद्यावर, सुई शिरेत

इंदिरानगरला राहावयास आल्यापासून सरकारी आढाव्यांशी माझा संबंध सुटला, असे मी समजत होतो. परंतु घरच्या एका रुग्णाच्या केमोथेरपीसाठी जवळच्या एका रुग्णालयात सहा वेळा जावे लागले आणि जुनाच प्रश्न नव्या वेषात समोर उभा राहिला. तिसऱ्या खेपेस, सलाईन लावून झाल्यावर, तेथील तरुण परिचारिका कोपऱ्यात मोबाईलवर काही सोडवीत बसली होती. केमोथेरपी देण्याच्या क्षमतेची ती ऑनलाइन परीक्षा होती. वीस प्रश्न, चुकल्यास पुन्हा तेच वीस, कितीही वेळा. शेजारची सहकारी उत्तरे सांगत होती. दोष त्या मुलीचा नव्हता. पाळीतून अभ्यासासाठी तिला कोणी तासभरही मोकळा दिला नव्हता.

ऑनलाइन परीक्षेला माझा विरोध नाही. डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर झिरपले तर त्वचा व खालच्या ऊती मरतात. अशा वेळी औषध तत्काळ थांबवावे, सुई न काढता तिच्यातूनच शक्य तितके परत ओढून घ्यावे आणि गार शेक द्यावा. व्हिन्क्रिस्टिन झिरपल्यास मात्र शेक उष्ण हवा. हे ज्ञान पडद्यावर तपासता येते. नंदुरबारच्या आणि मुंबईच्या परिचारिकेला एकच कसोटी लावता येते, हा तर मोठाच लाभ. परंतु रुग्ण 'जरा चुरचुरते आहे' म्हणताच तिचा हात थांबतो की नाही, हे पडद्याला कसे कळणार? ते खाटेजवळ उभे राहूनच पाहावे लागते.

पदवी म्हणजे क्षमता नव्हे, हा धडा जगाने भारी किंमत देऊन घेतला आहे. जानेवारी 2001 मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे एका 18 वर्षांच्या तरुणाला शिरेतून द्यावयाचे व्हिन्क्रिस्टिन मणक्यात टोचले गेले. सुमारे महिन्याभराने तो दगावला. टोचणारा आणि देखरेख करणारा, दोघेही डॉक्टर होते. त्याच वर्षी तेथील आरोग्य खात्याने नियम केला की, मणक्यातून केमोथेरपी देण्याचे काम प्रशिक्षित व पात्र ठरलेल्यांनीच करावे आणि त्यांची नावे रुग्णालयाने नोंदवहीत ठेवावीत. नाव नाही, तर हात लावायचा नाही.

आपल्याकडे 1 फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उघडण्याची घोषणा झाली. त्यांपैकी 200 केंद्रे 2025-26 साठी होती. निर्णय स्वागतार्हच आहे. परळच्या टाटा रुग्णालयाच्या कित्येक फेऱ्या त्यामुळे वाचतील. पण खुर्च्या आणि पंप निविदा काढून मिळतात, सराईत हात मिळत नाहीत. मला भीती आहे ती आढावा बैठकीतील 'शंभर टक्के परिचारिका पात्र' या रकान्याची. असे रकाने मीही सेवेत असताना भरले आहेत आणि शाबासकी घेतली आहे. शिवाय, तयार झालेली परिचारिका एप्रिल-मेच्या बदल्यांत प्रसूती कक्षात जाते आणि तिच्या जागी आलेलीला पुन्हा तेच वीस प्रश्न दिले जातात.

म्हणून माझ्या मागण्या तीन. पहिली, ऑनलाइन परीक्षा हा प्रवेश समजावा; अधिकार मात्र अनुभवी परिचारिकेच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम पाहूनच द्यावा व दरवर्षी तपासावा. दुसरी, अभ्यासाचे तास कर्तव्याचे तास मानावेत. तिसरी, पात्र नावांची यादी केंद्राच्या दारावर लावावी, त्यांच्या बदल्या पर्यायी नाव तयार होईपर्यंत रोखाव्यात आणि यादीबाहेरील व्यक्तीकडून औषध दिले गेल्यास जाब परिचारिकेला नव्हे, रुग्णालयप्रमुखाला विचारावा.

आपण घरापासून दूर राहणारी माणसे. उद्या आपल्या आईला साताऱ्याच्या किंवा परभणीच्या रुग्णालयात हे औषध दिले जाईल, तेव्हा आपण तिच्या उशाशी नसू. उशाशी असेल ती परिचारिका. तिच्याजवळ प्रमाणपत्र आहे का, एवढे विचारून फोन ठेवू नका. तिचे काम कोणी पाहिले आहे, हेही विचारा.