इंजिनाची ताकद वाढवावी काय?

शनिवारची संध्याकाळ झाली की आमच्या गावातील दोन-तीन अंगणांत मोटारींची बॉनेटे उघडलेली दिसतात. चार-पाच तरुण आत वाकून काही पाहत असतात, एकजण गाडीत बसून अॅक्सिलरेटर दाबीत असतो, आणि शेजारची म्हातारी माणसे खिडक्या लावून घेतात. या तरुणांच्या तोंडी 'ट्यूनिंग' हा शब्द सारखा असतो. इंजिनाची अश्वशक्ती वाढविण्यासाठी कोणी महिन्याचा पगार खर्च करतो, तर कोणी कर्जही काढतो. या खर्चाचे खरोखर चीज होते काय, याचा विचार घरोघरी व्हावा असे वाटते, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. आमच्या वडिलांच्या पिढीत गाडी 'ट्यून' करणे म्हणजे प्लग साफ करणे, पॉइंटमधील अंतर नीट करणे, कार्बुरेटर जुळविणे आणि ठिणगीची वेळ ठीक करणे. वापराने गाडीची जी ताकद गेली असेल ती परत मिळविणे एवढाच त्याचा अर्थ होता. आज त्याच शब्दाचा अर्थ पालटला आहे. कारखान्याने दिली त्याहून अधिक ताकद काढणे म्हणजे ट्यूनिंग, असे तरुण समजतात. गेलेले परत मिळविणे आणि नसलेले मागणे, या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे.

इंजिन हे लोहाराच्या भात्यासारखे हवा ओढणारे यंत्र आहे. पेट्रोलचा एक भाग नीट जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. म्हणून ताकद वाढवावयाची तर सिलिंडरमध्ये अधिक हवा कोंबली पाहिजे आणि त्या प्रमाणात पेट्रोलही अधिक दिले पाहिजे. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनियरने १९०५ साली यासाठीच एका युक्तीचे पेटंट घेतले. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोराने पंखा फिरवून आत हवा दाबण्याची ही युक्ती, म्हणजेच आजचा टर्बो. ज्या गाडीस टर्बो आहे तिच्या संगणकातील आज्ञा बदलल्या तर हवेचा दाब वाढतो आणि ताकद वीस-तीस टक्क्यांनीही वाढू शकते. परंतु आमच्या बेटावर जपानहून आलेल्या ज्या लहान पेट्रोल गाड्या आहेत, त्यांपैकी बऱ्याच गाड्यांना टर्बो नाही. अशा गाडीत नुसता संगणक बदलून पाच-दहा टक्क्यांपेक्षा अधिक क्वचितच मिळते. नवा फिल्टर आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसविला की कानाला ताकद वाढल्यासारखी वाटते, चाकांना ती फारशी जाणवत नाही.

आता थोडे गणित करू. शंभर अश्वशक्तीच्या गाडीस पाच अश्वशक्ती अधिक मिळाली असे समजा. पोर्ट लुईहून ही गाडी क्युरपिपला निघाली. क्युरपिप समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे आणि तेथील हवा किनाऱ्यापेक्षा सुमारे पाच टक्क्यांनी विरळ आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद त्याच प्रमाणात उतरते. म्हणजे एवढे पैसे देऊन जे मिळविले, ते चढ चढताच हवेने काढून घेतले.

वेगाचे गणितही असेच आहे. हवेचा अडथळा मोडण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ताकद दहा टक्क्यांनी वाढली तरी गाडीचा कमाल वेग जेमतेम तीन टक्क्यांनी वाढतो. ताशी १८० किलोमीटर जाणारी गाडी १८६ किलोमीटर जाईल. आमच्या हमरस्त्यावर वेगाची कमाल मर्यादा ताशी ११० किलोमीटर आहे. मग हे सहा किलोमीटर वापरावयाचे कोठे? आमचे बेट उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत सुमारे ६५ किलोमीटर लांब. चाळीस किलोमीटरचा रस्ता ताशी १०० च्या वेगाने २४ मिनिटांत संपतो, आणि ११० च्या वेगाने सुमारे २२ मिनिटांत. वाचलेली दोन मिनिटे पोर्ट लुईच्या तोंडाशी, सकाळच्या गाड्यांच्या रांगेत परत द्यावी लागतात.

हे गणित आम्ही एका माजी विद्यार्थ्यास वहीच्या मागल्या पानावर करून दाखविले होते. मुलगा हाताचा हुशार. शाळेत पुस्तकापुढे जांभया देणारा, पण वर्गातला बिघडलेला पंखा त्यानेच नीट केला होता. त्याने वर्षभर पैसे साठवून जुनी गाडी घेतली आणि एका गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून ट्यूनिंग करून घेतले. गणित पाहून तो हसला व म्हणाला, "गुरुजी, गाडीत बसल्यावर गणित आठवत नाही." तीन-चार महिन्यांनी त्याचा क्लच सरकू लागला. चढावर इंजिनातून खटखट ऐकू येऊ लागली. ट्यूनिंगला जेवढे पैसे गेले, त्याहून अधिक दुरुस्तीला गेले. त्याची आई आम्हास बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "गुरुजी, गाडी फार पळते म्हणतो, पण घरी मात्र पहिल्यापेक्षा उशिरा येतो. तोवर मला झोप लागत नाही."

क्लच का सरकला? कारखानदार क्लच, गिअरबॉक्स, रेडिएटर आणि ब्रेक हे सर्व एका ठरावीक ताकदीच्या हिशेबाने बनवितो. एकट्या इंजिनाची ताकद वाढविली की बाकीच्या भागांवर त्यांच्या कुवतीबाहेरचा भार पडतो. खटखट ऐकू येते ती पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटल्यामुळे. ती चालू राहिली तर पिस्टनही फुटतो. शिवाय विमा कंपनीस न कळविता असा बदल केल्यास अपघाताच्या वेळी भरपाई अडू शकते, हे तरुणांना कोणी सांगत नाही.

पैशांची गोष्ट सोडून दिली तरी ब्रेकची सोडता येत नाही. ताशी ९० च्या ऐवजी ११० च्या वेगाने जाणाऱ्या गाडीत जवळजवळ दीडपट आघातशक्ती असते आणि ब्रेक दाबल्यावर थांबण्यास तिला जवळजवळ दीडपट अंतर लागते. महाशिवरात्रीच्या दिवसांत रात्रंदिवस पायी चालणारे भाविक कावडी घेऊन गंगा तलावाकडे जात असतात. गणेश चतुर्थीस आमचेच लोक, लेकरेबाळे बरोबर घेऊन, गणपती समुद्राकडे नेतात. ऊसतोडीच्या दिवसांत वळणावळणावर उसाने लादलेल्या लॉऱ्या भेटतात. हे रस्ते त्यांचेही आहेत. रात्री हमरस्त्यावर शर्यती लावणारे हे विसरतात, आणि आठवण होते तेव्हा उशीर झालेला असतो.

परंतु एकच बाजू मांडणे हे शिक्षकास शोभत नाही. ताकद वाढविणे सर्वांसाठीच व्यर्थ आहे असे आमचे म्हणणे नाही. टर्बो असलेली डिझेल पिकअप घेऊन जो भाजीवाला रोज ओझ्यासह चढ चढतो, त्यास जाणत्या माणसाकडून मर्यादेत केलेल्या बदलाचा उपयोग होऊ शकतो. त्याने आधी क्लच व रेडिएटर तपासून घ्यावेत म्हणजे झाले. बंद मैदानात, नियमांनी होणाऱ्या स्पर्धेसाठी कोणी गाडी तयार करीत असेल, तर तो एक खेळ आहे आणि खेळास खर्च होतोच. मुख्य म्हणजे, इंजिन उघडण्याची ही ओढ विद्येची ओढ आहे. जो मुलगा परीक्षेत मागे पडला त्याला हवा-पेट्रोलचे प्रमाण तोंडपाठ असते, हे आम्ही पाहिले आहे. आईबापांनी त्याला नुसते रागावू नये. त्यास तांत्रिक शाळेत घालावे, हातात दाखला येऊ द्यावा. जो छंद आज पगार खातो तोच उद्या पगार देईल.

बाकीच्या सर्वांस आमचा सल्ला साधा आहे. एअर फिल्टर बदला, प्लग पाहा, तेल वेळेवर बदला, टायरमधील हवा महिन्यातून एकदा तपासा, डिकीतील नको ते ओझे काढून टाका. जुन्या गाडीची गेलेली ताकद बहुतेक वेळा एवढ्याने परत येते आणि पेट्रोलही वाचते. आमच्या देशात पेट्रोलचा थेंब न् थेंब जहाजाने बाहेरून येतो, तेव्हा ही बचत घराची तशी देशाचीही आहे. त्यानंतरही हातात पैसे उरले तर ते चांगल्या टायरांना आणि ब्रेकना लावा. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे आपले वाडवडील म्हणत. गाडीच्या बाबतीत रस्ता पाहून पाय दाबावा.

त्या आमच्या विद्यार्थ्याने गाडी आता पूर्ववत करून घेतली आहे. दिवसा तो एका गॅरेजात काम शिकतो. त्याची आई परवा पुन्हा भेटली. आता वेळेवर झोप लागते, असे तिने सांगितले.