श्वेतकेतूचा ताठा, आरुणींचा संयम

सातवीचा वर्ग. मधल्या सुट्टीनंतरचा तास. बाई गृहपाठाच्या वह्या तपासत आहेत. एका मुलाने वही आणलेली नाही. त्या आठवड्यातली ही चौथी वेळ. "का आणली नाहीस?" असे विचारताच तो बाकावरून न उठता म्हणतो, "नाही आणली. काय करणार तुम्ही? मारणार? मारता येत नाही आता." मागच्या बाकांवर हशा पिकतो आणि साऱ्या वर्गाचे डोळे बाईंच्या चेहऱ्यावर खिळतात.

हा प्रसंग कोणा एका शाळेतला म्हणून आम्ही सांगत नाही. महाराष्ट्रातल्या कोणत्याही शिक्षक-खोलीत तो सांगा, ऐकणाऱ्यांपैकी निम्मे तरी "आमच्याकडेही असेच" म्हणून मान डोलावतील. काही म्हणतील, छडी गेली आणि शाळेतली शिस्तही गेली. काही खांदे उडवतील आणि म्हणतील, आपण शिकवायचे, पगार घ्यायचा, उद्धटपणाकडे लक्ष द्यायचे नाही. संताप आणि उदासीनता ही दोन्ही उत्तरे आज आपल्या शाळांतून सर्रास दिली जात आहेत. आमच्या मते दोन्ही चुकीची आहेत आणि दोन्ही उत्तरांत हरतो तो शिक्षकच.

प्रथम कायद्याविषयी. २००९ चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला स्पष्ट मनाई केली. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येणार नाही, असेही त्याच कायद्याने ठरवले. त्याच्या कितीतरी आधी, डिसेंबर २००० मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने तेथील शाळांच्या नियमावलीतील छडीची तरतूद रद्द केली होती. कायद्याने छडी काढून घेतली हे खरे. पण शिस्त लावण्याचे कर्तव्य काढून घेतलेले नाही. समज देणे, जबाब विचारणे, चूक सुधारून घेणे, पालकांना बोलावणे यांपैकी कशालाही कायद्याची आडकाठी नाही. उलट पालकांना नियमित भेटून मुलाच्या उपस्थितीची, प्रगतीची आणि त्याच्याविषयीच्या इतर महत्त्वाच्या गोष्टींची कल्पना देणे हे शिक्षकाचे कर्तव्य म्हणूनच कलम २४ मध्ये लिहिलेले आहे.

त्या सातवीतल्या मुलाने नकळत एक मूलभूत प्रश्न विचारला आहे. छडी बाजूला ठेवली तर तुमच्याजवळ उरते काय? हा प्रश्न झोंबणारा आहे, पण तो टाळता येण्यासारखा नाही. आणि याचे उत्तर शोधण्यासाठी परदेशातील मानसशास्त्राच्या ग्रंथांकडेच धाव घ्यायला हवी असेही नाही. आपल्या परंपरेत ते फार पूर्वी दिले गेले आहे.

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात श्वेतकेतूची कथा येते. बाराव्या वर्षी तो गुरुगृही गेला, चोविसाव्या वर्षी सारे वेद शिकून परतला. पण परतला तो ताठ मानेने, आपल्याइतका विद्वान कोणी नाही अशा भावाने. त्याचे पिता उद्दालक आरुणी हे स्वतः थोर आचार्य. मुलाचा हा ताठा त्यांच्या ध्यानी आला नाही असे नाही. त्यांनी तो एका वाक्यात त्याच्यासमोर स्पष्टपणे ठेवला आणि लगेच एक प्रश्न विचारला : जे जाणले असता न जाणलेलेही जाणले जाते, ते तू आपल्या आचार्यांना विचारलेस का? श्वेतकेतूचे उत्तर मासलेवाईक आहे. माझ्या आचार्यांना ते ठाऊकच नसणार, ठाऊक असते तर त्यांनी मला सांगितले नसते का, असे तो म्हणतो. बारा वर्षे ज्यांच्या पायाशी बसला, त्यांचेच अज्ञान तो सहजपणे जाहीर करतो!

आज एखाद्या पित्याने किंवा शिक्षकाने येथे आवाज चढवला असता, गुरुनिंदेवर अर्ध्या तासाचे प्रवचन दिले असते. आरुणींनी तो विषय वाढवला नाही. मुलगा शिकवा म्हणाला आणि ते शिकवू लागले. मातीचा गोळा, सोन्याचा गोळा, वडाच्या बीजातले डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म सार, पाण्यात विरघळलेले मीठ असे एकेक दाखले देत त्यांनी तेच तत्त्व नऊ वेळा समजावले. प्रत्येक वेळी श्वेतकेतू म्हणत राहिला, पुन्हा सांगा. आणि प्रत्येक वेळी आरुणी ममतेने पुन्हा सांगत राहिले. ताठ मानेने आलेला तरुण जिज्ञासू शिष्य कसा झाला, हे त्या कथेत वेगळे सांगावे लागत नाही. त्याच्या प्रश्नांच्या सुरातूनच ते कळते.

या कथेत शिक्षकाने उचलण्याजोग्या तीन गोष्टी आहेत. दोष झाकायचा नाही, पण तो एका वाक्यात सांगायचा. डिवचणाऱ्या उत्तराला प्रत्युत्तर देत बसायचे नाही. आणि मुलाचा उर्मटपणा जेथे संपतो तेथे, म्हणजे त्याच्या अज्ञानाच्या सीमेवर, त्याला हाताला धरून न्यायचे. विनय हा विद्येतून येतो असे आपण मानतो. मग तो विद्येच्या आधीच मुलाच्या अंगी असावा, असा आग्रह धरून कसे चालेल?

मात्र प्रत्येक ताठ मान उद्धटपणाचीच असते काय, हेही शिक्षकाने स्वतःला विचारले पाहिजे. दरवर्षी १ ऑगस्टला लोकमान्यांच्या पुण्यतिथीनिमित्त गावोगावच्या शाळांत वक्तृत्व स्पर्धा होतात आणि शेंगांच्या टरफलांची गोष्ट शेकडो मुले पाठ म्हणून दाखवतात. न केलेल्या चुकीची शिक्षा सोसायला नकार देणाऱ्या त्या बाळचे आपण कौतुक करतो, त्याला टाळ्या वाजवतो. पण उद्या आपल्याच वर्गातल्या एखाद्या मुलाने तसाच नकार दिला, तर आपण त्याच्यात लोकमान्य पाहू की उर्मट कार्टे? अन्यायाविरुद्ध उमटलेला शब्द आणि केवळ वर्गाला हसवण्यासाठी फेकलेला शब्द यांतला फरक ओळखणे हे शिक्षकाचे पहिले काम. त्यासाठी आधी मुलाचे ऐकून घ्यावे लागते. आणि आपलीच चूक झालेली असेल, तर वर्गासमोर तसे सांगण्याने शिक्षकाचा मान उणावत नाही. तैत्तिरीय उपनिषदातील आचार्य विद्याभ्यास संपवून निघालेल्या शिष्याला आचार्याला देव मानायला सांगतात, पण त्याच उपदेशात हेही बजावतात की आमची जी चांगली आचरणे असतील तेवढीच तू घे, इतर घेऊ नकोस. स्वतःच्या उणिवेची इतकी मोकळी कबुली देणाऱ्या गुरूविषयीचा आदर ओसरला नाही, तो शतकानुशतके टिकला.

आता त्या सातवीच्या वर्गाकडे परत जाऊ. बाईंनी नेमके काय करावे? आमचे म्हणणे असे. त्या क्षणी वाद घालू नये. बावीस-पंचवीस जणांच्या सभेसमोर बारा-तेरा वर्षांच्या मुलाला माघार घेता येत नाही. त्याला तेथे कोंडीत पकडले तर तो आणखी वरचढ बोलेल आणि मग कोणालाच मागे फिरता येणार नाही. आवाज खाली आणून एवढेच म्हणावे, "मला मारायचे नाही. पण असे बोललेले मला चालणार नाही. तास संपल्यावर आपण दोघे बोलू." आणि शिकवणे पुढे चालू करावे. हशा तेथेच विरतो. बाई डगमगल्या नाहीत आणि पेटल्याही नाहीत, हे वर्गाला दिसते.

खरे काम तास संपल्यावर सुरू होते. एकांतात मुलगा वेगळा असतो. चार वेळा वही का आली नाही, हे तेथे शांतपणे विचारावे आणि उत्तराला वेळ द्यावा. कदाचित पाठच समजलेला नसेल आणि "मला येत नाही" म्हणण्यापेक्षा "मी करत नाही" म्हणणे त्याला सोपे वाटत असेल. वर्गातला पुष्कळसा उर्मटपणा म्हणजे न समजल्याची लाज लपवण्याची धडपड असते, हे अनुभवी शिक्षक जाणतात. कदाचित घरी कोणी आजारी असेल, आई-वडिलांत बेबनाव असेल, संध्याकाळी त्याला दुकानात किंवा शेतावर राबावे लागत असेल. आणि कदाचित यातले काहीही नसेल, केवळ मित्रांत भाव खाण्याची हौस असेल. कारण कोणतेही असो, त्याने वर्तन समजते. ते क्षम्य ठरतेच असे नाही. म्हणून कारण कळल्यावरही परिणाम टळू नये. राहिलेला गृहपाठ त्याने पूर्ण करावा, लागल्यास बाईंच्या मदतीने. वर्गासमोर जे बोलला त्याबद्दल वर्गासमोरच, पण मान खाली न घालता, दोन शब्दांत चूक कबूल करावी. अपमानाची भरपाई अपमानाने होत नाही, ती जबाबदारीने होते. अशा मुलावर वर्गातले एखादे काम विश्वासाने सोपवले, तर ते तो बहुधा इतरांपेक्षा नेटाने करतो.

साने गुरुजींनी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात सहा वर्षे शिकवले आणि तेथील छात्रालयही सांभाळले. मुले बाहेर गेली असता त्यांच्या विस्कटलेल्या खोल्या ते स्वतः आवरून ठेवत, अशी आठवण त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते. परत आलेल्या मुलांना त्या नीटनेटक्या खोलीने जे सांगितले असेल, ते हजार छड्यांनी सांगता आले नसते. प्रेमाने मूल लाजते तेव्हा ते सुधारते. दहशतीने लाजते तेव्हा ते फक्त पुढच्या संधीची वाट पाहते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. हे सारे सांगायला ठीक, पण शिक्षकाला तेवढी उसंत आहे कोठे? कायद्यातील प्रमाण उच्च प्राथमिक वर्गांसाठी पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असे असले, तरी अनेक वर्ग त्याहून कितीतरी मोठे आहेत. निवडणूक आणि जनगणना यांची कामे कायद्यानेच शिक्षकावर येतात. शिवाय पोषण आहाराच्या नोंदी आहेत, माहितीचे तक्ते आहेत. २००० पासून महाराष्ट्रात नव्या शिक्षकाची पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर जातात. ज्याला समाज स्वतःच सन्मानाने वागवत नाही, त्याने मुलांकडून सन्मान मिळवावा अशी अपेक्षा करणे हा एक प्रकारचा दांभिकपणा आहे.

म्हणून या प्रश्नाचा दुसरा भाग शाळेच्या फाटकाबाहेरचा आहे. "मारता येत नाही आता" हे वाक्य त्या मुलाला कोणी शिकवले? बहुधा जेवणाच्या ताटावर ते त्याने ऐकले असेल. "आपण फी भरतो, त्यांचा पगार आपल्या जिवावर आहे," "शाळेत काय शिकवतात, खरे शिकणे क्लासमध्ये," असे उद्गार मुलांसमोर सहज काढणाऱ्या घरातून नम्र विद्यार्थी कसा बाहेर पडेल? शिक्षकाविषयी तक्रार असेल तर पालकांनी ती जरूर करावी. पण ती शाळेत जाऊन करावी, मुलाला साक्षीदार करून नव्हे. तसेच मुख्याध्यापकांनी आणि संस्थाचालकांनी शिक्षकाच्या पाठीशी उभे राहावे. गावातल्या कोणा वजनदार माणसाचा मुलगा म्हणून वर्गशिक्षिकेलाच नमते घ्यायला लावले, तर त्या दिवशी साऱ्या शाळेला जो धडा मिळतो, तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसतो. आणि प्रकरण उद्धट शब्दांपलीकडे, धमकी किंवा हाणामारीपर्यंत गेले, तर ते एकट्या शिक्षकावर सोडता कामा नये. तेथे मुख्याध्यापक, पालक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांनी एकत्र बसले पाहिजे.

आषाढी पौर्णिमेला आपण गुरुपूजन करतो, ५ सप्टेंबरला फुले देतो. या दोन दिवसांच्या मधले आणि नंतरचे सारे दिवस मात्र वर्गात एकटी उभी असलेली ती शिक्षिका आणि न उठता उत्तर देणारा तो मुलगा यांचे असतात. त्या मुलाचा शब्द कानाला कडू लागतो. पण तो शब्द उच्चारण्यासाठी तरी तो शाळेत आलेला आहे, हे विसरू नये. जो शाळा सोडून निघून जातो, तो उद्धट बोलायलाही उरत नाही. विनय न शिकलेली पिढी उद्या नागरिक होणार आहे. ती शिकेल की नाही, हे बऱ्याच अंशी अशा एकेका क्षणी शिक्षक कसा वागतो यावर ठरणार आहे.

छडी बाजूला ठेवली तर उरते काय, या प्रश्नाचे उत्तर एवढेच, की उरतो तो शिक्षक. आरुणींजवळ तरी त्याखेरीज दुसरे काय होते? श्वेतकेतू आजही प्रत्येक वर्गात, बहुधा मागच्या बाकावर, बसलेला आहे. त्याला आरुणी भेटावेत, आणि त्या आरुणींच्या मागे त्याचे घर व गाव उभे राहावे, ही जबाबदारी आपणा सर्वांची आहे.