हादरा किती, ते लिहा

वसई पूर्वेच्या वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात कंपन ही विकत घ्यायची वस्तू नाही; ती पगाराबरोबर फुकट मिळते. पॉवर प्रेसचा दणका लादीतून पायात चढतो, हँड ग्राइंडरची थरथर मनगटात उतरते, आणि सुट्टी झाल्यावर शेअर रिक्षातून स्टेशन गाठेपर्यंत उरलीसुरली कसर रस्ता भरून काढतो. व्यायामाच्या सायकलीला मुद्दाम थरथर जोडून ती जिममध्ये बसवायची, ही कल्पना इथल्या एखाद्या फिटरला सांगितली तर तो आधी हसेल. हसून झाल्यावर विचारेल, ‘मोटर किती आरपीएमची? एक्सेंट्रिक किती ठेवलाय?’

प्रश्न नेमका आहे, आणि त्याचे उत्तर अशा यंत्रांच्या जाहिरातीत सहसा सापडत नाही. तिथे असते ‘लेव्हल १ ते २०’.

कल्पना मुळात खुळी नाही. स्वीडनच्या गुस्ताफ झांडर या डॉक्टरने १८६५ साली स्टॉकहोममध्ये यंत्रांनी व्यायाम देणारी संस्था काढली. त्याच्या यंत्रांत शरीराला थरथरवणारीही होती. १९६६ मध्ये हागबार्थ आणि एकलुंड या स्वीडिश शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की स्नायूला किंवा त्याच्या कंडरेला बाहेरून कंप दिला, तर तो स्नायू आपोआप आकुंचन पावतो. म्हणजे पाय पॅडल मारत असतानाच त्यांना कंप दिला, तर तेवढ्याच वेळात स्नायूंकडून जास्त काम करून घेता येईल, अशी ही आशा. ती किती खरी ठरते हे ‘किती’ या शब्दावर अवलंबून आहे.

फिरत्या शाफ्टवर एका बाजूला जड वजन बसवले की कंप तयार होतो. किंवा एक्सेंट्रिकने, म्हणजे केंद्र बाजूला सरकवलेल्या चकतीने, थेट क्रँकच हलवता येतो. दुसऱ्या पद्धतीत एक्सेंट्रिक २ मिलिमीटरचा ठेवला, तर मोटर ६०० आरपीएमवर असताना, म्हणजे सेकंदाला १० कंपांना, पॅडलचा सर्वाधिक प्रवेग सुमारे ८ मीटर प्रति सेकंद वर्ग येतो. गुरुत्वाकर्षणापेक्षा थोडा कमी. तीच मोटर १२०० वर नेली की आकडा जातो ३२ च्या आसपास, गुरुत्वाच्या तिपटीहून जास्त. पॅडलवर नुसता टेकवलेला बूट दर कंपाला पॅडल सोडू लागेल. वेग दुप्पट, हादरा चौपट. बटण मात्र सांगते, पाचाच्या जागी दहा. तेव्हा ‘लेव्हल’ हा आकडा नुसता निरुपयोगी नाही, तो फसवाही आहे.

मात्रेचा प्रश्न किती नाजूक आहे याचा दाखला हाडांच्या संशोधनात मिळतो. २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मेंढ्यांना वर्षभर, दिवसाला २० मिनिटे, ३० हर्ट्झचा अगदी हलका कंप दिला, प्रवेग गुरुत्वाच्या फक्त ०.३ पट. मांडीच्या हाडाच्या वरच्या भागातील जाळीदार हाडाची घनता ३४ टक्क्यांनी वाढली. त्या आकड्यावर पुढे कंप देणाऱ्या यंत्रांची केवढी तरी विक्री झाली. मग २०११ मध्ये टोरोंटोत पाळी गेलेल्या २०२ स्त्रियांवर वर्षभराची चाचणी झाली, तितक्याच हलक्या कंपाची. हाडांत फरक पडला नाही. मेंढीचे माणसाला लागू होईलच असे नाही. आणि आणखी जोरात हलवले म्हणजे लागू होईल, असेही नाही.

यंत्र रेखाटणाऱ्याची खरी कसोटी कंप निर्माण करण्यात नाहीच, तो अडवण्यात आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नासाची व्यायामाची सायकल आहे. तिच्या नावातच ‘कंपन-विलगीकरण’ आहे, कारण अंतराळवीराच्या पॅडल मारण्याने स्थानकाला आणि तिथल्या नाजूक प्रयोगांना धक्का पोहोचू नये, यासाठीच ती बांधलेली आहे. जमिनीवरच्या कंपन-सायकलीलाही हीच विद्या लागते. कंप पॅडलमधून यावा. वाकलेला गुडघा आणि घोटा त्यातला बराच जिरवतात. सीटमधून आला तर तो थेट कण्यात जातो, आणि बसलेल्या माणसाचे धड सेकंदाला ४ ते ८ कंपांच्या आसपास स्वतःच साथ देऊ लागते. हँडलमधून आला तर बोटांत. म्हणून कंप देणारा भाग रबरी माउंटवर वेगळा बसवावा लागतो आणि मोटर सुरू होताना व थांबताना ४ ते ८ कंपांचा तो धोक्याचा पट्टा झटकन ओलांडावा लागतो. उरलेली फ्रेम किती थरथरते, हे सीटवर आणि हँडलवर मोजून पाहावे लागते. रबराचा पॅड कापून खाली सरकवला की झाले, असे हे काम नव्हे.

मोजायचे कसे, हे जगाला ठाऊक आहे. युरोपीय संघाने २००२ मध्ये कामगारांसाठी आकडे ठरवले. सगळ्या शरीराला बसणाऱ्या कंपाचा आठ तासांच्या पाळीचा हिशेब ०.५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या पुढे गेला की मालकाने उपाय योजायचे, १.१५ ही कमाल मर्यादा. हातांसाठी हेच आकडे २.५ आणि ५. त्याच सूत्राने १० मिनिटांच्या व्यायामाचा हिशेब मांडला तर सीटवर सुमारे साडेतीनचा कंप आला की सबंध दिवसाचा पहिला इशारा-आकडा गाठला जातो. जिममध्ये येणारा माणूस कामगार नसेल, पण त्याचा कणा त्याच जातीचा आहे.

आणि खऱ्या कामगाराचे काय? अमेरिकेत इंडियानाच्या चुनखडीच्या खाणींत हवेच्या हातोड्यांनी दगड तासणाऱ्यांची बोटे पांढरी पडतात, हे अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्येच नोंदवून ठेवले होते. आपल्या उष्ण हवेत बोटे पांढरी दिसतीलच असे नाही. मुंग्या येतात, रात्री हात बधिर होतो, शर्टाचे बटण लागत नाही. गाळ्यात त्यावरचा इलाज म्हणजे ग्राइंडरच्या मुठीला गुंडाळलेली चिंधी. नामांकित कंपन्यांच्या ग्राइंडरच्या पुस्तिकेत कंपनाचा आकडा बारीक अक्षरांत छापलेला असतो, पण पुस्तिका खोक्याबरोबर भंगारात जाते. पैसे मोजून हादरे घेणाऱ्यासाठी यंत्र दहा मिनिटांनी आपणहून थांबावे, अशी सोय करता येते. पैशासाठी हादरे खाणाऱ्याला मात्र ओव्हरटाइम लागतो.

वालीवसारख्या वसाहतींत शाफ्ट, बेअरिंग, रबरी बुश, वेल्डिंग हे सगळे हाकेच्या अंतरावर मिळते. अशी सायकल इथे बनायला हरकत काहीच नाही. पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत गाड्यांच्या कंपनाची तपासणी वर्षानुवर्षे चालते, आणि कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी केंद्रीय श्रम संस्था मुंबईत शीवलाच आहे. म्हणजे ज्ञान लांब नाही. बनवणाऱ्याने एवढेच करावे : ‘लेव्हल’ची पट्टी काढून तिथे हर्ट्झ, मिलिमीटर आणि मिनिटे लिहावीत, सीट व हँडलवरचा मोजलेला प्रवेग लिहावा, आणि वेळ संपताच मोटर बंद पडेल अशी सोय ठेवावी. गिऱ्हाइकानेही आकडे नसलेले यंत्र घेऊ नये. आणि ही मोजणी करायला कंप मोजणारे यंत्र गाळ्यात आलेच आहे, तर ते पुढच्या टेबलावरच्या ग्राइंडरलाही एकदा लावावे. खर्च वाढणार नाही. फक्त आकडा कळेल, आणि कळलेल्या आकड्याकडे डोळेझाक करणे थोडे अवघड जाईल.