नाव मागे घ्यायचं कुठे?

या महिन्याच्या टपालात एका आंतरमहाविद्यालयीन मैदानी स्पर्धेचं वेळापत्रक आलं आहे. विद्यापीठाचं नाव छापत नाही. वाचकांना आपापलं आठवेल. पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला मुलींची दहा हजार, दुपारी चारला पंधराशे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाच हजार आणि समारोपाच्या भाषणांआधी चार बाय चारशे. पाठवणाऱ्या प्रशिक्षकाने समासात एवढंच लिहिलंय : चारही ठिकाणी एकच चेस्ट नंबर. बेरीज 16,900 मीटर, दोन दिवसांत.

कारण उघड आहे. शंभर मीटर जिंकणारीला जेवढे गुण, तेवढेच दहा हजार जिंकणारीला. आणि लांब पल्ल्याला एंट्र्या तुरळक. एक बऱ्यापैकी तयार मुलगी तीन सुवर्णं आणते आणि करंडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये जातो. अमेरिकेच्या एनसीएएतले कोच काही संत नाहीत, तेही गुणांसाठीच पळवतात. पण तिथे 2015पासून पुरुषांची दहा हजार बुधवारी, पाच हजार शुक्रवारी. महिलांची गुरुवारी आणि शनिवारी.

धावपटू सिफान हसनचं नाव पुढे करणाऱ्यांनी हिशेब पुरा करावा. टोकियो ऑलिंपिकमध्ये ती सहा शर्यती धावली, साडेचोवीस किलोमीटर; पण नऊ दिवसांत आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. आपल्या अविनाश साबळेने 2023मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण आणि पाच हजारचं रौप्य घेतलं, तेव्हा दोन्ही अंतिम शर्यतींत तीन दिवसांचं अंतर होतं.

आता खरं दुखणं. जागतिक नियमावली सांगते की हजार मीटरवरच्या शर्यतीच्या दोन फेऱ्या एकाच दिवशी घ्यायच्या नाहीत. आपले आयोजक हा नियम अगदी काटेकोर पाळतात; पंधराशेच्या हीट घेतच नाहीत, थेट अंतिम. दोन वेगळ्या शर्यतींमध्ये किती विश्रांती हवी, याबद्दल तो नियम गप्प आहे. त्यामुळे सकाळी पंचवीस फेऱ्या, दुपारी आणखी पावणेचार फेऱ्या, आणि नियमभंग शून्य!

त्याच नियमावलीत आणखी एक कलम आहे. फायनल कन्फर्मेशन देऊनही जो धावत नाही, तो पुढच्या सगळ्या शर्यतींतून बाद, रिलेसकट. कलम रास्त आहे. पण आपल्याकडे फायनल कन्फर्मेशन ही पायरीच नसते. काही आठवडे आधी महाविद्यालयाच्या शिक्क्यासह गेलेली प्रवेशिका हीच काळ्या दगडावरची रेघ. मुलीची पोटरी धरली तर नेमलेल्या डॉक्टरचं प्रमाणपत्र आणा म्हणतात. नेमलेला डॉक्टर कुठे आहे? प्रथमोपचाराच्या टेबलावर स्प्रेची बाटली, वितळलेल्या बर्फाची बादली आणि एनएसएसचे दोन स्वयंसेवक. मग काय, ती पाच हजारला उभी राहते, दोन फेऱ्या पळते, लंगडत आत उतरते, संध्याकाळी रिलेचा शेवटचा लेग धावते. निकालपत्रात डीएनएफ. कॉल रूमच्या पंचांना हे ठाऊक, टेक्निकल डेलिगेटला ठाऊक, सगळ्यांची मिलीभगत. पुढे महिनाभराने नडगीचा एमआरआय निघतो. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायचं तर हंगामभर कुणाला सुचलेलंच नसतं.

पण प्रशिक्षकहो, सगळं खापर क्रीडा विभागावर फोडू नका. प्रवेशिकेत तिन्ही रकान्यांत खुणा कोण करतं? ‘आयत्या वेळी बघू’ म्हणणारे तुम्हीच ना? सोडायची सोयच नाही हे माहीत असताना आयती वेळ कसली बघणार? दहा हजार आणि पाच हजार यांतलं एकच भरा. दोन्ही भरायचीच असतील तर पंधराशेला दुसरी मुलगी तयार करा. वर्षभर पगार त्यासाठीच मिळतो.

आणि चेस्ट नंबर वाटपाच्या बैठकीत मागे बसून चहा पिऊ नका. उठा आणि लेखी मागा : आदल्या संध्याकाळी सहापर्यंत बिनदंड नाव मागे घेण्याची मुभा, दहा हजार पहिल्या सकाळी तर पाच हजार शेवटच्या सत्रात, आणि दहा हजारच्या दिवशी पंधराशे नको. दोन दिवसांत हे बसत नसेल तर तिसरा दिवस घ्या. उद्घाटनाच्या मंडपाला पैसे असतात, मैदानाच्या एका दिवसाच्या भाड्याला नसतात, हे पटणारं नाही.

अर्जाची एक प्रत आमच्याकडे पाठवा. विद्यापीठाचं उत्तर आलं तर तेही छापू, नाही आलं तर तसं छापू, आणि तेव्हा विद्यापीठाच्या नावासकट.