बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगताना आपण बहुधा 29 सप्टेंबर 1883 पाशी थांबतो. इंग्लंडमधल्या वाँटेज गावी, सेंट मेरी मठाच्या भगिनींच्या सहवासात राहत असताना, त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला आणि इकडे पुण्यात गहजब झाला. विरोधकांच्या लेखी बाई त्या दिवशी हातच्या गेल्या. मिशनच्या लेखी त्या त्या दिवशी हाती आल्या. दोघांनीही हिशेब एकाच तारखेवर मिटवला.

रमाबाईंनी स्वतः तो मिटवला नव्हता. 1907 साली त्यांनी आपली साक्ष लिहिली. तीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षे आपल्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, पण ख्रिस्त नव्हता. आपले सगळे ओझे त्याच्यावर टाकून त्या मोकळ्या झाल्या त्या 1891 च्या सुमारास. म्हणजे बाप्तिस्मा झाला, जात तुटली, मायदेशात निंदा झाली, आणि तरीही समर्पण व्हायचे होते. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती श्रद्धेचा इतिहास आपण बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतून वाचतो. तो या आठ वर्षांतून वाचला पाहिजे, असे मला वाटते.

त्या काळातली मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेली पत्रापत्री आज उपलब्ध आहे. ती वाचताना थक्क व्हायला होते. आश्रय, शिक्षण, खर्च सगळे मठाकडून मिळत होते. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी परक्या देशात जीव दिला होता. अशा एकटेपणात पंचविशीची विधवा निमूट मान तुकवेल अशी अपेक्षा असणे स्वाभाविक होते. रमाबाई मात्र त्रैक्याच्या सिद्धान्तावर वाद घालत होत्या, मांसाहाराला ठाम नकार देत होत्या, क्रुसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असे विचारत होत्या. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुषांना शिकवावे की नाही यावर बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांना संताप आवरला नाही. आपली सदसद्विवेकबुद्धी कुणा धर्मगुरूकडे गहाण टाकायची नाही, ही त्यांची भूमिका होती. ज्या ब्राह्मणी सत्तेतून त्या बाहेर पडल्या होत्या, तिच्या जागी गोऱ्या पुरोहितांची सत्ता त्यांना नको होती.

भगिनींना हा अहंकार वाटला. मला तो समर्पणाचाच पूर्वार्ध वाटतो. जे आपले नाहीच ते देवाला कसे वाहणार? 1874 ते 77 च्या दुष्काळात आई-वडील गेले, 1880 मध्ये भाऊ श्रीनिवास, 1882 मध्ये पती बिपिनबिहारी. देवाच्या नावाने उपास, यात्रा, पारायणे करतच आई-वडील उपाशी मेले होते. अशा बाईने पुन्हा कुणाच्या सांगण्यावरून कुठे डोके टेकवावे, हे घडणारच नव्हते. आधी तिने स्वतःचे आयुष्य स्वतःच्या ताब्यात घेतले. मगच ते दिले.

त्या देण्याची किंमत मोठी होती, आणि ती रमाबाईंच्या एकटीच्या वाट्याला आली असेही नाही. 1889 मध्ये रमाबाईंनी मुंबईत सुरू केलेल्या शारदासदन या विधवांच्या शाळेत धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळायची असे ठरले होते. सदन पुण्याला आल्यावर रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे आणि मुली येऊन बसत. 1893 मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. दार बंद करणे म्हणजे प्रभूला नाकारणे, असे रमाबाईंना वाटले असणार. पण विश्वासाने मुली सोपवलेल्या घरांना फसगत झाल्यासारखे वाटले, तेही खोटे नव्हते. रमाबाईंवर माझी अपार श्रद्धा आहे, तरी या प्रसंगात रानड्यांना संकुचित ठरवणे मला जमत नाही.

पुढचे पाऊल केडगावचे. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांच्या मदतीचा शब्द दिला होता. 1898 मध्ये ती मुदत संपली. जॉर्ज म्यूलर, हडसन टेलर यांची चरित्रे वाचून रमाबाईंनी ठरवले होते की आता ठरीव उत्पन्नावर भिस्त ठेवायची नाही, मागायचे ते देवाकडे. हा निर्णय एकटीच्या पोटापुरता नव्हता. दुष्काळात मध्य प्रांतातून आणि नंतर गुजरातेतून आणलेल्या मुली-बायका धरून 1900 च्या सुमारास केडगावच्या मुक्तिसदनात दोन हजारांच्या आसपास माणसे होती. म्हणून तिथे प्रार्थनेच्या जोडीला विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग चालले, छापखाना चालला. देवावर हवाला ठेवणे म्हणजे हातावर हात ठेवणे, असा अर्थ तिथे कुणी लावला नाही.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या बाबतीतही तारखांची अशीच गल्लत होते. त्यांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी 1895 चा. पण बावीस वर्षांनी, 1917 मध्ये, त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून जागा होती. परदेशी मंडळीच्या चौकटीत देशी भक्ती मावत नाही, हे त्यांना कधीचे कळले होते. पगार सोडायला मात्र वय पंचावन्नाच्या पुढे जावे लागले. 1919 च्या मे महिन्यात ते गेले. दरबाराला त्यांची पुरती दोन वर्षेही मिळाली नाहीत.

मिशनचे अहवाल माणसे मोजत होते आणि धर्मांतराचे विरोधकही माणसेच मोजत होते. आजही दोन्हीकडे तेच चालू आहे. बाप्तिस्मा न घेतलेला दरबारी कोणत्या रकान्यात घालायचा, आणि 1883 ते 1891 मधल्या रमाबाई कोणत्या, याचे उत्तर त्या मोजणीत नाही. ख्रिस्ती मंडळींनीही हे मनावर घ्यायला हवे. ज्यांचा आपण अभिमान सांगतो त्या दोघांनीही मंडळीच्या अधिकाराशी झगडूनच आपले आयुष्य प्रभूला वाहिले.

लक्ष्मीबाई टिळकांचे नाव या संदर्भात क्वचितच घेतले जाते. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या आक्रोश करून उठल्या, माहेरच्या माणसांत राहिल्या, पुढे त्याच्याजवळ आल्या तरी सोवळे सोडीनात. आधी स्वतःच्या मनातली जात त्यांनी स्वतः विचार करून सोडली. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये. टिळकांनी त्यांना ओढून नेले असते तर 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र लिहिणारी बाई आपल्याला दिसली नसती. टिळकांच्या पश्चात त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य हाती घेऊन साठांहून अधिक अध्याय लिहिले तेही, लग्नानंतर अक्षरे गिरवलेल्या, या बाईनेच.